सुलभाताईंचा लांबवलेला हिवाळा

समीरचा फोन आला तेव्हा मी माझ्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. टेक्ससमधल्या फ्रिस्कोला मुलाकडे गेल्यापासून सुलभाताई समीरच्याच फोनवरून बोलत, त्यामुळे पडद्यावर त्याचे नाव दिसताच मी सवयीने म्हटले, "बोला ताई, उकाडा कमी झाला का तुमच्याकडे?"  पलीकडून तो म्हणाला, "मावशी, मी आहे. आई गेली... सकाळी. झोपेतच." समीर अमेरिकेत जन्मला आणि वाढला. त्याच्या मराठीत वडीलधाऱ्यांनाही 'तू'च असते, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. "तू एकटी आहेस का घरात? तू बस हं. प्लीज, बस," असे तो मलाच सांगत राहिला. मी बसलेलीच होते. दसरा तोंडावर आला होता. इथे चँडलरच्या वाळवंटात याच दिवसांत रात्री पहिल्यांदा गारवा जाणवतो, आणि मागची काही वर्षे याच दिवसांत सुलभाताई मला फोन करून म्हणत, "ऊठ प्राध्यापकबाई, आपलं वर्ष सुरू झालं."

या गोष्टीला आता दोन-अडीच महिने झाले. प्रश्नपत्रिका आणि अहवाल यांपलीकडे मी आजवर काही लिहिलेले नाही, तेव्हा जे आठवेल ते शक्य तितके नीट सांगण्याचा प्रयत्न करते.

मी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. मुळांची रचना, पानांतली रंध्रे, दिवसाच्या लांबीचा फुलोऱ्यावर होणारा परिणाम, हे सारे फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. स्वतः मात्र मी तुळशीपलीकडे काही लावले नव्हते. पती गेल्यावर पुण्यातली जागा विकून मी ॲरिझोनात, मुलाकडे, चँडलरला आले. आदित्य आणि सून मृणाल दोघेही मनाने चांगले आहेत. पण मला गाडी चालवता येत नाही, आणि इथे गाडीशिवाय माणूस कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही पोहोचत नाही, कारण कोपऱ्यावर दुकानच नसते. उन्हाळ्यात सकाळी आठलाच ऊन अंगावर धावून येते. मग पडदे ओढलेले, खिडक्या बंद, आणि दिवसभर थंड हवेच्या यंत्राची घरघर. त्यातच ग्रीनकार्डाचा अर्ज चालू होता. तो मार्गी लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचे नाही, असे वकिलाने बजावले होते. सख्ख्या पुतणीचे लग्न मी फोनच्या पडद्यावर पाहिले. अक्षता टाकायच्या वेळी हातात तांदूळ घेऊन उभी राहिले, आणि ते कुठे टाकावेत हे न कळून पुन्हा डब्यात ठेवले.

त्या पहिल्या वसंतात मी मेथी लावली. गुढीपाडव्याचा मुहूर्त साधून, दाराबाहेरच्या दोन कुंड्यांत. मेथी उगवली, चार पानांवर आली आणि एका आठवड्यात वाळलेल्या गवतासारखी झाली. मी कुंड्यांपुढे उभी असताना रस्त्याने एक वृद्ध बाई चालल्या होत्या. पांढरे आखूड केस, रुंद कडांची टोपी, हातात काठी, पण काठीचा उपयोग टेकण्यापेक्षा दाखवण्यासाठीच जास्त. माझ्या कपाळावरची टिकली पाहून त्या सरळ मराठीतच म्हणाल्या, "हे काय लावलं होतंस?"

"मेथी."

"कधी?"

"पाडव्याला."

त्या इतक्या हसल्या की त्यांना टपालपेटीचा आधार घ्यावा लागला. "अगं, चांगल्या मुहूर्तावर बळी दिलास बिचारीचा! इथे पाडव्याला बाग संपते. वाळवंटातला पाडवा दसऱ्याला येतो, हे लक्षात ठेव. तोवर घरात बस, आणि लोणची घाल."

त्याच सुलभाताई. तीन गल्ल्या पलीकडे राहत. मूळच्या नागपूरच्या, पेशाने भूलतज्ज्ञ. नवऱ्याबरोबर तरुणपणीच अमेरिकेत आल्या, इथल्या रुग्णालयात निवृत्त होईपर्यंत नोकरी केली, आणि नवरा गेल्यावर त्या घरात एकट्याच राहत होत्या. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे, हे त्यांना पुष्कळ दिवसांनी कळले. "वनस्पतिशास्त्र!" त्या म्हणाल्या, "आणि पाडव्याला मेथी!" तेव्हापासून मी 'प्राध्यापकबाई' झाले. दुसऱ्या कुणी म्हटले असते तर मी संकोचाने मिटले असते. त्यांनी म्हटले, आणि कित्येक महिन्यांनी कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारली असे वाटले.

दसऱ्याला मी त्यांच्या परसात उभी राहिले. इथली जमीन हातभर खणली की खाली पांढरा, सिमेंटसारखा चुनखडीचा थर लागतो. त्यात पाणी मुरत नाही आणि मूळ शिरत नाही. म्हणून त्यांनी फळ्या ठोकून उंच वाफे केले होते आणि वर्षानुवर्षे भाजीची देठे, वाळकी पाने घालून त्यांतली माती केली होती. मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, कोथिंबीर, जे आपण आपल्याकडे थंडीत खातो तेच सारे, आणि कोपऱ्यात लिंबांनी लगडलेले एक झाड. "सगळं एकदम पेरायचं नाही," त्या सांगत, "जेवण एकदाच असतं का? थोडं आज, थोडं पंधरवड्याने." धने चपलेच्या तळाखाली रगडून त्यांच्या दोन फाकी करायच्या आणि मगच पेरायचे. हिवाळ्यात रोज पाणी घालायचे नाही. घालायचे तेव्हा खोलवर भिजेल इतके घालायचे, आणि मग माती वरून सुकेपर्यंत हात आवरायचा. हे सारे मला तत्त्वतः ठाऊक होते. पण तत्त्व आणि नखांत गेलेली माती यांत किती अंतर असते, ते मी साठी ओलांडल्यावर शिकत होते... आणि शिकताना सकाळचे दोन तास मला आपण कुणाच्या घरात आहोत याचा विसर पडत असे.

वाळवंटात थंडी पडते यावर भारतातल्या कुणाचा विश्वास बसत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत काही रात्री अशा येतात की फॅरनहाइटचा काटा बत्तिसाखाली, म्हणजे पाणी गोठण्याच्या खाली जातो. त्या दिवशी सुलभाताई दुपारपासूनच शस्त्रक्रियेच्या तयारीत असल्यासारख्या वावरत. आधी वाफ्यांना पाणी, कारण ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते. मग जुन्या सुती चादरी. त्या चादरी इतक्या मोठ्या होत्या की एकटीला पेलत नसत. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. पहिल्या वर्षी मी झाडाच्या शेंड्याला चादर गुंडाळून खाली दोरी बांधू लागले, तर त्या ओरडल्या, "फाशी देतेस का त्याला? ऊब जमिनीतून येते. चादर जमिनीपर्यंत सोड, तंबूसारखी!" आणि सकाळी ऊन आले की चादरी काढायच्याच. "टेबलावरचा पेशंट गार पडतो, म्हणून त्याला झाकतात," त्या म्हणाल्या, "पण वॉर्डात गेल्यावरही तसाच ठेवला तर तो गुदमरेल."

एवढे करूनही त्या वर्षी कुंपणावरची बोगनवेल करपली. पाने काळी, फांद्या कोळशासारख्या. मी कात्री घेऊन पुढे झाले तसा त्यांनी माझा दंड धरला.

"खबरदार! काय करतेस?"

"मेली आहे ताई ही."

"भुलीत आहे. मेलेली नाही. आयुष्यभर मी हाच फरक ओळखायचा पगार घेतला." त्यांनी नखाने साल किंचित खरवडली. आत हिरवे होते. "ही करपलेली पानंच तिचं पांघरूण आहेत. आत्ता कापलीस तर ती कोवळी फूट काढेल आणि पुढच्या गारठ्यात खरंच मरेल. थंडी पुरती जाऊ दे. घड्याळ नाही बघायचं, पेशंट बघायचा."

अशाच एका सकाळी, पालक निवडता निवडता, त्यांनी मला विचारले, "खरं सांगशील? आदित्यच्या फ्रिजमधलं दूध काढताना तू विचारतेस?"

मी म्हटले, "मृणाल कधी नाही म्हणत नाही हो."

"मी ते नाही विचारलं."

मी बराच वेळ एकाच जुडीशी खेळत राहिले. मग म्हटले, "विचारते."

 पण तो प्रश्न माझ्याविषयी नव्हता, हे मला कळले. वडील गेल्यापासून समीर त्यांना टेक्ससला, फ्रिस्कोच्या आपल्या घरी बोलावत होता. त्या टाळत होत्या.

मग गेल्या वर्षी, पेरण्या नुकत्याच झाल्या असताना, त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचे हाड मोडले. पहाटे पडल्या, आणि दुपारी साफसफाईला येणाऱ्या बाईने दार उघडले तेव्हा सापडल्या. शस्त्रक्रिया झाली, समीर धावत आला आणि म्हणाला, आता पुरे. त्यावर माय-लेकांत काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. सुलभाताईंनी मला इतकेच सांगितले, "बाग आहे तोवर राहू देतो म्हणाला. उन्हाळ्यात इथे तसंही काही जगत नाही. बाग संपली की मी जायचं. शब्द दिलाय." दिवसभरासाठी एक मदतनीस बाई ठेवली गेली. आणि बाग जिवंत ठेवण्याचे काम, कुणी न सांगताच, माझ्याकडे आले.

आता त्या काचेच्या सरकत्या दाराआड खुर्चीत बसत आणि मी बाहेर वाफ्यांत. दार उघडले की त्यांना खोकला येई, म्हणून ते बंद. हातात स्टीलचा चमचा. माझे काही चुकले की त्या काचेवर चमचा वाजवत आणि हातवारे करून ओरडत. मला ऐकू येत नसे, पण 'मूर्ख' हा शब्द ओठांवरून सहज वाचता येतो. मी दाराशी जाऊन विचारी, "काय झालं?" तर म्हणत, "मुळ्याला मिठी मारून बसली आहेस का? उपट की! वेळेवर नाही काढला तर आतून पोकळ होतो." मी हसत असे. पण परत वाफ्याकडे वळताना त्या काचेत मला माझेच प्रतिबिंब दिसे आणि त्यामागे त्या. दोघींपैकी आत कोण आणि बाहेर कोण, हे क्षणभर उमगत नसे.

नाताळच्या सुट्टीत समीर आला. एका सकाळी तो परसात माझ्याजवळ येऊन उभा राहिला. आत त्याची आई आमच्याकडे पाहत होती. आम्ही काय बोलतो ते तिला ऐकू येत नव्हते, पण विषय तिला ठाऊक असणारच.

"मावशी, तू आदित्यकडे किती छान सेटल झालीस," तो म्हणाला. "तू सांग ना तिला. तुझं ऐकेल ती. मी खालीच बेडरूम रेडी केलीय, बाथरूमला बार लावलेत, रॅम्प केलाय. सगळं केलंय."

माझ्या हातात पाण्याचा पाईप होता. मी तो एका वाफ्यावरून दुसऱ्यावर नेला. चारचौघांत मत देण्याची मला सवय नाही. वर्गाबाहेर मी ठामपणे काही बोलल्याचे मला आठवत नाही. तरी म्हटले, "समीर, इथे ती आजारी आहे, पण तिच्या घरात आहे. तिकडे ती सुखात असेल... पण कदाचित पाहुणी असेल."

 तो म्हणाला, "मी रोज सकाळी तिला कॉल करतो ना, ती उचलेपर्यंत मला ब्रीद करता येत नाही. ती किती वेळ फ्लोअरवर पडून होती, मावशी. मला कुणी सांगितलं? क्लीनिंगवालीने." त्याने डोळे पुसले. "मार्चपर्यंत. मग प्लीज."

त्याचेही खरे होते. त्याच्या बाजूने उभे राहिले की दार एका बाजूने बंद दिसे, तिच्या बाजूने पाहिले की दुसऱ्या. मला तर दोन्ही बाजू ठाऊक होत्या, आणि त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

फेब्रुवारी सरला. बोगनवेल छाटायचे दिवस आले आणि गेले. मेथी मी पुन्हा पेरली, पालक पुन्हा पेरला, वाफ्यांवर सावलीचे कापड ताणले. मार्चच्या मध्यावर कोथिंबिरीने मधूनच एक उंच दांडा काढला. पाने बारीक, बडीशेपेसारखी झाली. हे कशाचे लक्षण आहे ते मला कुणी सांगायला नको होते. दिवस लांबला की कोथिंबीर फुलोऱ्यावर येते, आणि मग तिला थांबवता येत नाही, हे मी कित्येक वर्षे शिकवले होते. तरी मी तो दांडा खुडला. दुसऱ्या दिवशी आणखी निघाले, तेही खुडले. सुलभाताईंना दिसू नये म्हणून पाठमोरी बसून खुडत असे. एका सकाळी काचेवर चमचा वाजला. नेहमीसारखा खणखण नव्हे... एकदाच. मी दाराशी गेले.

"काय खुडते आहेस?"

"काही नाही, पिवळी पानं."

"प्राध्यापकबाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू माझा हिवाळा लांबवते आहेस."

मी हातातले दांडे पाठीमागे धरले.

"राहू दे आता. फुलू दे तिला. धने धरू देत. पेशंटला विनाकारण भुलीत ठेवणं गुन्हा आहे." मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "समीरला फोन लाव. शब्द दिलाय मी."

निघायच्या दिवशी त्या परसात आल्या नाहीत. चाकांच्या खुर्चीत बसून पुढच्या दारानेच गेल्या. मला म्हणाल्या, "लिंबाच्या बुंध्याला चुना लाव. ऊन लागलं की साल फाटते," आणि माझ्या गालावर हलकेच चापट मारली. गाडी वळेपर्यंत समीर मागे वळून पाहत होता, त्या नव्हत्या पाहत.

फ्रिस्कोहून आठवड्यातून दोनदा बोलणे होई. पहिला प्रश्न ठरलेला असे, "तिकडे किती आहे?" त्यांना फ्रिस्कोच्या हवेशी काही देणेघेणे नव्हते, चँडलरचे तापमान हवे असे. पुढे पुढे समीर त्यांनी विचारण्याआधीच आपल्या फोनवर पाहून सांगू लागला. नातवंडे प्रेमळ होती. समीरने अंगणात सुंदर लाकडी वाफा करून दिला होता. "मला इथे काही कमी नाही गं," एकदा त्या म्हणाल्या, "तीच पंचाईत आहे. भांडायला जागाच नाही." मग हसल्या. त्यांचे ते हसणे मी ओळखत होते. तसे हसायला मी त्यांच्याआधी शिकले होते. त्या उन्हाळ्यात दोन गावांत दोन बंद खोल्यांतून आम्ही दोघी एकमेकींना, दसऱ्याला काय पेरायचे, ते सांगत राहिलो. दसऱ्याआधीच त्या गेल्या.

नोव्हेंबरात समीर घर रिकामे करायला आला. विकायचे तर परस राखायला सोपे हवे, असे दलालाने सुचवले होते, म्हणून वाफे मोडून तिथे खडी अंथरली गेली. लिंबाचे झाड तेवढे राहिले. कपाटातला चादरींचा गठ्ठा त्याने माझ्या हातात दिला. "यांना होल्स आहेत, पण..." म्हणाला आणि थांबला. मग गॅरेजच्या सावलीत उभे राहून त्याने विचारले, "मी बरोबर केलं ना, मावशी?"

"तिने तुला कधी दोष दिला नाही," मी म्हटले.

"मी ते नाही विचारलं," तो म्हणाला. अगदी आईसारखा.

मी त्याच्या हातावर हात ठेवला. 

गेल्या आठवड्यात संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज संकोचलेला होता. "मावशी, तुझ्याकडे आज थर्टी दाखवतंय." त्याच्या फोनवर चँडलर अजून तसेच होते. मी हो म्हटले.  त्याने काही मागितले नाही, मीही काही कबूल केले नाही. फोन ठेवला आणि चादरींचा गठ्ठा काढला. त्यांना सुलभाताईंच्या कपाटातल्या कापराचा वास येत होता.

आदित्य नुकताच कामावरून आला होता. मी म्हटले, "बूट काढू नकोस. माझ्याबरोबर चल."

"आत्ता? कुठे?"

"सुलभाताईंकडे. लिंबाचं झाड झाकायचं आहे."

"आई, ते घर आता विकायला काढलंय... आपण तिथे कशाला? आणि बाहेर किती गारठा आहे. उद्या बघू."

इतक्या वर्षांत मी आदित्यच्या घरात 'चालेल' आणि 'तुमच्या सोयीने' यांपलीकडे फारसे बोलले नव्हते. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "उद्या उपयोग नाही. चल."

त्याने माझ्या हातातला गठ्ठा घेतला. तीन गल्ल्या आम्ही चालत गेलो. बाजूच्या फाटकातून परसात शिरलो. पायांखाली खडी करकरली. काचेच्या दाराआड अंधार होता. चादर उघडली तर ती आदित्यच्या अंदाजापेक्षा पुष्कळच मोठी निघाली. दोन पावले मागे जाऊन त्याने दुसरे टोक धरले.

"आता?" त्याने विचारले.

"वरून टाक. घट्ट नको ओढूस. सोड... अजून सोड. जमिनीला टेकू दे."